‘ढ’ कोणी ठरवायचे?

प्रथम वर्ष वाणिज्य वर्गाला निर्देशांक शिकवीत असतानाची गोष्ट. फळ्यावर तांदूळ, रॉकेल आणि कापड यांच्या दोन वर्षांतील किमती मांडल्या होत्या. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याला मी सहज विचारले, “या तिन्हींची मिळून एकच संख्या काढावयाची, तर सर्वांत आधी काय ठरवावे लागेल?” तो उभा राहिला, हसला आणि म्हणाला, “सर, मला नका विचारू. मी पहिल्यापासूनच ढ आहे.” वर्ग हसला, तोही त्या हसण्यात सामील झाला. उत्तर न येण्याचे मला विशेष वाटले नाही, ते माझ्या रोजच्या अनुभवातले आहे. विशेष वाटले ते त्याच्या सांगण्याच्या रीतीचे. आपला रक्तगट सांगावा तितक्या निर्विकारपणे त्याने ते सांगितले.

‘ढ’ हे अक्षर अशोककालीन ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत फारसे बदललेच नाही, म्हणून ज्याच्यात कधीच सुधारणा होत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती आपल्याकडे सांगतात. ती शास्त्रशुद्ध असो वा गमतीची, शब्दाच्या वर्मावर मात्र ती नेमके बोट ठेवते. ‘याला गणित आले नाही’ हे विधान घडलेल्या गोष्टीसंबंधी आहे; ते तपासता येते आणि उद्या खोटेही ठरू शकते. ‘हा ढ आहे’ हे विधान मात्र त्या मुलाच्या संपूर्ण अस्तित्वाविषयी आणि संपूर्ण भविष्याविषयी आहे, आणि त्याला पुरावा म्हणून फार तर दोन-चार चाचण्यांचे कागद असतात. अठरा वर्षांच्या तरुणाने ते स्वतःविषयी हसत उच्चारावे, याचा अर्थ ते कुणीतरी त्याला फार लवकर, बहुधा अक्षरओळखीच्याही आधी, शिकविलेले असते.

महाराष्ट्रात विवेकवाद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गंडेदोरे, अंगात येणे आणि बुवाबाजी उभी राहते. ते स्वाभाविकही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ साली ज्या कार्यासाठी प्राण गमवावे लागले, आणि ज्या कायद्याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो त्यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी झाला, त्याचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु पुराव्यावाचून बाळगलेली आणि बाळगणाऱ्याचे नुकसान करणारी समजूत, अशी अंधश्रद्धेची व्याख्या केली, तर ‘मी ढ आहे’ ही समजूत तिच्यात चपखल बसते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आले. तो दृष्टिकोन स्वतःकडे पाहतानाही वापरावयाचा असतो, हे मात्र आपण मुलांना सांगावयाचे राहून गेले. विवेकाने विचार करणे आणि स्वतःचा, आहे तसा, स्वीकार करणे हे दोन वेगळे पाठ नाहीत. तो एकच पाठ आहे, आणि त्याची जागा बालवाडीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

बालवाडीत म्हणण्याचे कारण असे की, उलटा पाठ तेथेच, किंबहुना त्याच्याही आधी घरात, सुरू होतो. रांगणारे मूल पडते आणि रडते. आजी धावत येऊन जमिनीला चापट मारते, “हात रे, माझ्या बाळाला लागलं का?” म्हणून तिला दटावते. कोणी ‘मुंगी मेली बघ’ म्हणून मुलाचे लक्ष वळवितो. या प्रेमळ रिवाजाला नावे ठेवणे मला जड जाते, कारण मीही त्यावरच वाढलो. पण त्यात मूल काय शिकते? दुःख झाले की दोष बाहेरच्या कोणाचा तरी असतो आणि त्याला शिक्षा झाली की आपण बरे होतो. जेवत नसेल तर बागुलबुवा येतो. ताट संपविले की मूल ‘शहाणे’ होते, पाणी सांडले की तेच मूल ‘वाईट’ होते. दिवसातून दहा वेळा शहाणे आणि दहा वेळा वाईट होणाऱ्या त्या जिवाने अखेर आपल्याविषयी काय समजूत करून घ्यावी?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली, त्यामुळे ती येथे अगदीच अपरिचित नाही. १९५५च्या सुमारास एलिस यांनी मांडलेले सूत्र थोडक्यात असे : घटना आपल्याला थेट दुःखी करीत नाही, घटना आणि दुःख यांच्यामध्ये त्या घटनेविषयीची आपली समजूत उभी असते, आणि समजूत तपासता येते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्यापासून हा विचार चालत आला आहे. एलिस यांचे वैशिष्ट्य असे की, तो केवळ रुग्णांपुरता न ठेवता त्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये आपल्या संस्थेतर्फे लहान मुलांची एक छोटी शाळाच चालविली. नेहमीच्या विषयांबरोबर तेथे स्वतःच्या भावनांमागचे विचार ओळखण्याचे शिक्षण दिले जाई. ती शाळा थोडीच वर्षे चालली. पण तिच्या काळातच, १९७४ साली, विल्यम नॉस यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी या पद्धतीची मार्गदर्शिका लिहिली.

एलिस यांच्या प्रतिपादनातील एक मुद्दा अर्थशास्त्राच्या माणसाला विशेष पटण्याजोगा आहे. कृतीचे मूल्यमापन करा, माणसाचे करू नका, असे ते सांगत. निर्देशांक काढताना आम्ही प्रत्येक वस्तूला भार देतो. तांदळाला किती, रॉकेलला किती, हे खर्चाच्या पाहणीवरून ठरते. माझ्या त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर हेच होते. आता एखाद्या मुलाचा निर्देशांक काढावयाचा म्हणा. पाढे येणे, धाकट्या बहिणीला सांभाळणे, चित्र काढणे, खोटे न बोलणे, झाडावर चढणे : यांना भार कोणी द्यावयाचे आणि कोणत्या पाहणीवरून? ज्याला असे भारच देता येत नाहीत त्याची एकच संख्या काढणे हे गणित नव्हे, केवळ मनमानी होय. शाळा ती रोज करीत असते, पाढ्यांना शंभर आणि बाकी सर्वांना शून्य भार देऊन.

याचा अर्थ ‘प्रत्येक मूल अलौकिक’ असे म्हणत सुटावे, असा मात्र कोणी करू नये. ती अलीकडची फॅशन मला तितकीच अविवेकी वाटते. ‘ढ’ म्हणणारा जी चूक करतो तीच ‘हुशार’ म्हणणारा करतो; दोघेही अवघ्या मुलावर चिठ्ठी चिकटवितात. हे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या दप्तराच्या तळाशी शुद्धलेखनाचा एक चुरगळलेला कागद सापडला. दहापैकी तीन. का लपविलास म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “बाबा, हुशार मुलींना तीन मिळत नाहीत ना!” तिला पाळण्यात असल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हुशार म्हणणारा मीच होतो.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन मी नंतर वाचले. पाचवीतील मुलांना काही सोपी कोडी देऊन एका गटाची बुद्धीबद्दल व दुसऱ्याची कष्टाबद्दल स्तुती करण्यात आली. मग कठीण कोडी आली आणि सर्वांनाच अपयश आले. आपले गुण दुसऱ्या शाळेतील मुलांना कळवावयास सांगितले, तेव्हा बुद्धीची स्तुती झालेल्यांपैकी शंभरात सुमारे चाळीस मुलांनी ते वाढवून लिहिले. दुसऱ्या गटात हे प्रमाण बरेच कमी होते. तो चुरगळलेला कागद मला त्या निष्कर्षात दिसला.

शिक्षकमंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे. मुलाला लाज वाटली नाही तर ते अभ्यास कशाला करील? परंतु कृती आणि कर्ता यांत फरक करणे म्हणजे कृतीला सूट देणे नव्हे. दोन आणि तीन सहा होत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. मित्राला चावणे वाईट, हेही सांगितलेच पाहिजे. फक्त ‘तू चुकलास’ याऐवजी ‘उत्तर चुकले’ आणि ‘तू वाईट आहेस’ याऐवजी ‘हे वाईट केलेस’ म्हणावयाचे. मराठी व्याकरणाने ही सोय आपल्याला फुकट करून दिली आहे. जो आपली चूक म्हणजेच आपण असे मानतो तो चूक लपवितो, आणि लपविलेली चूक सुधारता येत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ज्या चार ओळींच्या बातम्या येतात, त्या या समजुतीचे अखेरचे टोक होत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चार वर्षांच्या मुलाला तर्क करता येत नाही, असे पियाजे यांच्या आधाराने सांगितले जाते. खरे आहे, त्याला अनुमानाच्या पायऱ्या शिकवावयास कोणी निघालेले नाही. पण एक पातेलेभर पाणी, एक खिळा, एक लाकडी बटण, एक चिंचोका आणि एक पान एवढ्यावर पुष्कळ काही होते. काय तरंगेल, काय बुडेल? आधी प्रत्येकाने सांगावयाचे, मग टाकून पाहावयाचे. अंदाज चुकला की सगळ्यांनी टाळ्या वाजवावयाच्या, कारण आता काहीतरी नवे कळले. आणि प्रत्येक उत्तरानंतर बाईंनी एकच शब्द विचारावयाचा : ‘कशावरून?’ ‘का’ हा प्रश्न मुले उपजतच विचारतात; ‘कशावरून’ हा शिकवावा लागतो. पातेल्यापाशी तो रुळला, की पुढे ‘तो माझ्याशी खेळत नाही, म्हणजे मी कोणालाच आवडत नाही’ या वाक्यालाही तो लावता येतो.

हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणू नये. मूल आहे तसे स्वीकारून, आपल्याच समजुती पुराव्यावर घासून पाहण्याचे फार मोठे उदाहरण आपल्या घरी आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात. या मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे होते. त्या काळी पुष्कळांनी तो काढलेलाही होता. ताराबाईंनी तो मान्य केला नाही. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊन पाहू, असे म्हणून त्यांनी बालवाडी वस्तीत नेली. ‘अंगणवाडी’ जन्मली ती अशी. माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आणि पाने आली. पुढे १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. दोष मुलात आहे की व्यवस्थेत, हे आधी तपासले, म्हणून हे घडले.

तोच शब्द १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची दृष्टी कितपत गेली, याविषयी मला शंका आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, हे योग्यच झाले. दुसरीकडे, शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास आणि मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करूनही, साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘परिचया’च्या नावाखाली रंग आणि आकार विचारले जातातच.

या वयावर केलेला खर्च वाया जात नाही, हे सांगण्यास नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांचा आधार घेता येईल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ साली गरीब घरांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना उत्तम बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. बालवाडीतील मुलांचा बुद्ध्यंक आरंभी वाढला आणि काही वर्षांत तो लाभ ओसरला. प्रयोग फसला, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा नोकरी, मिळकत आणि कायदापालन या तिन्हींत ती पुढे होती. बुद्ध्यंकात न मावणारे काहीतरी त्यांना मिळाले होते. चिकाटी आणि स्वतःला आवरण्याची सवय यांचा त्यात मोठा वाटा असल्याचे हेकमन दाखवितात.

आपल्याकडे हे काम जिच्याकडून अपेक्षित आहे त्या अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते. उपदानाचा तिचा हक्क मान्य होण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल यावा लागला. आमच्या वस्तीजवळच्या अंगणवाडीत मी पातेल्याच्या खेळाविषयी बोललो, तेव्हा तेथील ताईंनी तो दुसऱ्याच दिवशी सुरू केला. महिन्याभराने भेटल्या तेव्हा मुले रमतात, म्हणाल्या. एका मुलाने खिचडीत मीठ जास्त आहे असे म्हणताच दुसऱ्याने त्याला ‘कशावरून?’ विचारले, हेही त्यांनी हसत सांगितले. मग त्या थोड्या थांबल्या. पर्यवेक्षिका येतात त्या आहाराच्या, वजनाच्या आणि लसीकरणाच्या नोंदी तपासतात. “सर, हा खेळ मी कोणत्या नोंदीत दाखवू?” असे त्यांनी मला विचारले. मला सांगता आले नाही.