नवी आवृत्ती आणि जुना डाव

बुद्धिबळाच्या पटावर वजीर हा आज सर्वांत बलाढ्य मोहरा मानला जातो. परंतु युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या मोहऱ्याला एका खेपेस तिरप्या दिशेने केवळ एकच घर सरकता येत असे. त्यानंतर दक्षिण युरोपात त्याची चाल बदलली आणि काही दशकांतच ती युरोपभर रूढ झाली. हा बदल कोणत्याही संस्थेने ठराव करून लादलेला नव्हता; खेळणाऱ्यांनी तो स्वीकारला, म्हणूनच तो नियम ठरला. भारतात विसाव्या शतकातही प्यादे पहिल्या चालीत एकच घर पुढे जाई, आणि राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असे. पंजाबातील मीर सुलतान खान याच भारतीय पद्धतीत तयार झाले. पुढे युरोपीय नियम आत्मसात करून त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. एक नियम सोडून दुसरा स्वीकारणे ही खेळाच्या इतिहासातील नवी गोष्ट नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

तथापि, ज्या खेळाला लेखक आहे, प्रकाशक आहे आणि ज्याची नियमपुस्तके किंमत देऊन विकत घ्यावी लागतात, अशा खेळाचे नियम बदलले तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भूमिका-खेळांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

भूमिका-खेळ म्हणजे काय, हे प्रथम पाहू. चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो; इतर प्रत्येक जण एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो आणि आपले पात्र काय करील, हे खेळाडू सांगतात. कृती सफल होईल की नाही याविषयी शंका असेल तेथे फासे टाकून निर्णय केला जातो. या खेळात रूढ अर्थाने कोणी जिंकत नाही वा हरत नाही. एकच कथा महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालू राहते, आणि पात्रांबरोबर खेळाडूंच्या सामाईक आठवणीही वाढत जातात.

या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकी खेळप्रेमींनी तो रचला, आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या खेपेस एक हजार प्रतीच काढण्यात आल्या. या पुस्तिकांत बरेच काही संदिग्ध होते आणि पुष्कळ बाबी अनुक्तच राहिल्या होत्या. ही उणीव प्रत्येक मंडळीने आपापल्या परीने भरून काढली. परिणामी एकाच नावाचा खेळ दोन गावांत दोन तऱ्हांनी खेळला जाऊ लागला.

येथूनच दोन परस्परविरोधी ओढी सुरू झाल्या. एक ओढ एकरूपतेची, तर दुसरी स्वातंत्र्याची. अपरिचित खेळाडूंना स्पर्धेत एकत्र बसविता यावे, यासाठी नियम सर्वत्र सारखे असणे गायगॅक्स यांना आवश्यक वाटत होते. १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने त्यांनी तीन जाड ग्रंथांत विस्तृत नियमसंहिता सिद्ध केली. १९७७ सालीच नवशिक्यांसाठी सुलभ नियमांची एक वेगळी पेटीही निघाली होती. मग 'ॲडव्हान्स्ड' ही जुन्याच खेळाची सुधारित आवृत्ती होती की निराळाच खेळ? हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. आर्नेसन यांनी १९७९ साली स्वामित्वधनासाठी न्यायालयात दावा दाखल केला. नवा ग्रंथ हा वेगळा खेळ असल्याची कंपनीची भूमिका होती. १९८१ साली या दाव्यात तडजोड झाली.

बदल म्हटला की त्याच्या अनेक पायऱ्या संभवतात. सर्वांत सौम्य बदल म्हणजे शुद्धिपत्र. त्यानंतर सुधारित आवृत्ती, आणि शेवटी पायापासून केलेली नवी रचना. बाहेरून मोठा दिसणारा बदल पुष्कळदा केवळ आकडेमोडीचा असतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखत नसलेल्या माणसाचा संरक्षण-अंक १० धरला जाई, आणि संरक्षण जसजसे वाढे तसतसा हा अंक घटत जाई. कड्यांचे चिलखत घातलेल्याचा अंक ५ असे. नवख्या योद्ध्याचा आघात-अंक २० होता. त्यातून ५ वजा केले की १५ उरतात. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडल्यास वार लागे. संरक्षण फारच भक्कम असले तर अंक शून्याखाली जाई, आणि ऐन लढाईत ऋण संख्येची वजाबाकी करावी लागे. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही दिशाच उलटविली. तेच चिलखत घातलेल्याचा अंक आता १५ झाला. फाशावरील अंकात आपला गुण मिळवायचा आणि ती बेरीज १५ पर्यंत पोहोचते की नाही, एवढेच पाहायचे. नवख्या योद्ध्याला १ गुणाची भर मिळे. म्हणून पूर्वी वीसपैकी सहा वेळा लागणारा वार आता सात वेळा लागू लागला. संभाव्यता जवळजवळ तीच राहिली, पण हिशेब सुकर झाला.

सर्वच बदल इतके निरुपद्रवी नसतात. दुसरी आवृत्ती निघाली, त्यापूर्वीच, १९८५ साली, कंपनीवरील नियंत्रण गायगॅक्स यांच्या हातून गेले होते. राक्षस आणि सैतान यांच्या उल्लेखांवरून अमेरिकेत या खेळावर टीकेची झोड उठली होती. त्यामुळे नव्या ग्रंथांत त्यांची रूढ नावे टाळण्यात आली, आणि मारेकऱ्याचा पेशा खेळाडूंसाठीच्या मुख्य पुस्तकातून वगळण्यात आला. ज्याचे पात्र मारेकरी होते, त्या खेळाडूने काय करावे? २००३ साली तिसऱ्या आवृत्तीची सुधारणा निघाली, तेव्हा अवघ्या तीन वर्षांपूर्वी घेतलेली पुस्तके जुनी ठरल्याची तक्रार अनेकांनी केली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर योद्धा असो वा मांत्रिक, सर्वांची सामर्थ्ये एकाच साच्यात बसविली: काही वाटेल तेव्हा, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदाच वापरावयाची. ही रचना समतोल होती, यात शंका नाही. परंतु हा आपला खेळच नव्हे, असे पुष्कळांना वाटले.

ही नाराजी केवळ पैशाची नव्हती. वर्षानुवर्षे वाढविलेले पात्र नव्या नियमांत उतरविताना ते पूर्वी जे करू शकत होते ते आता करू शकत नाही, असे आढळले म्हणजे खेळाडूच्या दृष्टीने भूतकाळच खोटा ठरतो. त्यातच मेजाभोवतीच्या काहींना नवे नियम हवे असतात, तर काहींना जुने. अशा वेळी पणाला लागते ती मंडळी एकत्र राहण्याची गोष्ट.

प्रकाशकाच्या इच्छेविरुद्धही जुनी आवृत्ती जगू शकते, हे या खेळाने दाखवून दिले. तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक खुला परवाना देण्यात आला होता. त्यानुसार तिच्या मूळ नियमांवर आधारलेली पुस्तके कोणालाही काढता येत. त्याच्याच आधारे २००६ साली 'ओस्रिक' या नावाने पहिल्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या नियमांची पुनर्रचना प्रसिद्ध झाली. २००९ साली 'पायझो' या प्रकाशनसंस्थेने 'पाथफाइंडर' काढला आणि तिसऱ्या आवृत्तीच्या चाहत्यांना आश्रयस्थान मिळवून दिले. २०२३ च्या जानेवारीत हा परवाना बदलण्याचा कंपनीचा मसुदा बाहेर फुटला. तीव्र विरोधानंतर कंपनीने माघार घेतली, इतकेच नव्हे तर पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम अधिक खुल्या अशा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली आणले.

नवी आवृत्ती म्हणजे संघर्षच, असे मात्र नाही. १९८१ साली निघालेल्या 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या खेळाची सातवी आवृत्ती २०१४ साली आली. तिच्यात पात्रांचे मूळ गुण पाचपट करून शेकड्यात मांडण्यात आले. पूर्वीचे १३ आता ६५ झाले. एवढा गुणाकार केला की जुन्या कथा थोड्याफार फेरफारांनी चालू शकतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनीही पुढे सावध पवित्रा घेतला. २०१४ ची पाचवी आवृत्ती सिद्ध करण्यापूर्वी, २०१२ पासून तिचे कच्चे नियम खेळाडूंपुढे ठेवून त्यांचे अभिप्राय मागविण्यात आले. २०२४ साली मुख्य ग्रंथांची सुधारणा सुरू झाली, तेव्हा तिला सहावी आवृत्ती म्हणण्याचे कटाक्षाने टाळण्यात आले. पाचव्या आवृत्तीच्या कथा तिच्यासह वापरता येतील, असे आश्वासनही देण्यात आले.

या पन्नास वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुस्तकावर हक्क प्रकाशकाचा असतो, पण नियमाला बळ मिळते ते मेजाभोवती बसलेल्यांच्या संमतीने. म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती ही आज्ञा नसून प्रस्ताव असते. तो पूर्णतः स्वीकारावा, त्यातील सोयीचे तेवढे उचलावे, की जुनेच पुस्तक पुढे वापरावे, हे मंडळींनी खेळ सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून ठरविले पाहिजे. वजिराची चाल ज्यांनी बदलली त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ती चाल टिकली, कारण समोर बसलेल्या दुसऱ्या खेळाडूने तिला होकार दिला.