भाऊसाहेबांची कारकीर्द : मतदाराच्या दोन उत्तरांची गोष्ट

निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला आणि पुढे मंत्री झाला, की आमदाराची कारकीर्द झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे, हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या उदाहरणावरून आमच्या तरुण सभासदांच्या ध्यानी यावे, म्हणून हे टिपण.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. ३० जागांच्या त्या सभागृहात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सर्वांत मोठा ठरला. पक्षाचे नेते भाऊसाहेब. पण ते स्वतः उमेदवार नव्हते. तरीही २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. हे कसे? सभागृहाचा सभासद नसलेल्यासही मंत्री होता येते. मात्र सहा महिन्यांच्या आत त्याला निवडून यावे लागते, असा कायदा आहे. त्याप्रमाणे ते मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीने सभागृहात आले.

पुढे विलीनीकरणाचा प्रश्न आला. गोवा महाराष्ट्रात जावा, हे पक्षाचे ब्रीद. तो वेगळा राहावा, हे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे. कौल घेण्याचे ठरले, तेव्हा सत्ता हाती ठेवून कौलास सामोरे जाणे विरोधकांना मान्य होईना. डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळेपण. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचे स्वप्न हरले. मराठीवर जीव असलेल्या अनेक घरांना तो निकाल लागला. अनेक घरांनी मोकळा श्वास घेतला.

पण मार्चमध्ये निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच पक्षाला १६ जागा देऊन भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले! ह्यात विसंगती नाही. कौलात सगळ्या गोव्याची मते एका राशीत मोजली गेली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघाचा निकाल स्वतंत्र लागतो. शिवाय कौलात प्रश्न एकच होता. निवडणुकीत मात्र कुळाला संरक्षण देणारा १९६४ चा कायदा होता, खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा होत्या. वेगळेपणाला मत देणाऱ्यालाही आपले मूल शाळेत जाताना दिसत होते.

१९७२ साली पक्षाला १८ जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच भाऊसाहेब निवर्तले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला. कौलाचा अर्थ असा कायम झाला.

संस्थेच्या सभेतही कधी आपला ठराव नापास होतो. तेवढ्याने रुसून घरी बसणारा कार्यकर्ता काम आणि विश्वास दोन्ही गमावतो. लोकांनी आपले म्हणणे नाकारले, म्हणून आपल्याला नाकारले असे होत नाही. हा भेद ओळखून जो पुन्हा लोकांसमोर उभा राहतो, त्याचीच कारकीर्द म्हणावी.