कार्ड मिळाले, बोलणार कोण?

दिवाळी आटोपली की कामरगाव परिसरातील वस्त्या-तांडे रिकामे होऊ लागतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. आता सोबत आयुष्मान कार्डही जाते. पाच लाखांचा विमा, देशभर यादीतल्या कोणत्याही रुग्णालयात चालणारा. चांगलेच आहे. पण घरात गोरमाटी बोलणाऱ्या बाईने परमुलखात आपले दुखणे सांगायचे कोणाला?

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपविण्यात आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मात्र त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि साखर कारखाना हंगामीच! ऊसतोड्या तर कोणाच्याच हिशेबात नव्हता. २००८ ला राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे तीस हजारांचे स्मार्ट कार्ड आले. त्यात निदान एक शहाणपण होते : स्थलांतरिताला कार्ड विभागून मिळे, एक घरी, एक सोबत.

पैशाची सोय झाली, बोलण्याची झाली नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो हे खरे, पण त्याचे काम कार्ड तपासणे आणि मंजुरी घेणे. ऑपरेशन खरोखर लागते का, हे बाईला तिच्या भाषेत कोण समजावणार? बीडमध्ये २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येकींनी त्यासाठी उचल घेतली होती. नुसता पैसा हाती देऊन हे थांबले असते का? आम्हाला वाटते, वाढले असते.

गावात आशाताई आहे, पण टोळी निघाली की ती गावातच राहते. शेजारच्या मेळघाटात भूमकांना विरोधक न मानता, रुग्ण दवाखान्यात आणण्याबद्दल त्यांना मानधन देण्याचा प्रयोग शासनाने केला. मग टोळीसोबत जाणारी, तांड्यातलीच एखादी शिकलेली बाई प्रशिक्षण देऊन का नेमू नये? तिचे मानधन विम्याच्या हप्त्यातच धरावे. फुकटची समाजसेवा नको. ती आपल्या बायाबापड्यांनी पुष्कळ केली.

१९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग ठरविला. तो जखमी माणूस शेतमजूरच होता. भाषा कळत नाही म्हणून जो दारातून परततो, त्याला उपचार मिळाले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? ग्रामपंचायतीने टोळ्या निघण्याआधीच्या ग्रामसभेत ही मागणी ठरावात घ्यावी आणि ठरावाची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी.