जुन्या मोटारीचा ब्रेक दुबळा कां होतो?

१९६० च्या दशकांतील एखादी अमेरिकन मोटार कोणी हौसेनें मिळवितो. तिला नवा रंग देतो, गाद्या शिवून घेतो, एंजिन घांसूनपुसून लखलखीत करतो. आणि पहिल्याच उतारावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, सारा भार पायावर दिला तरी गाडी मनासारखी थांबत नाहीं. चालूं न शकणारी मोटार फार तर मालकाला घरीं बसवते. थांबूं न शकणारी मोटार दुसऱ्याच्या जिवावर उठते. म्हणून या दुखण्याचें निदान रंगरंगोटीच्या आधीं व्हावयास पाहिजे.

‘पॉवर ब्रेक’ या नांवामुळें पुष्कळांचा असा समज होतो कीं, एंजिन आपल्या बळानें चाकें आवळतें. वास्तविक हें काम वातावरण करतें. समुद्रसपाटीस दर चौरस इंचावर हवेचा सुमारें १४.७ पौंड दाब असतो. पेट्रोलचें एंजिन संथ फिरत असतां आपल्या शोषणनळींतून हवा ओढून घेतें व तेथें निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, निर्माण होतो. ब्रेकच्या पेडलापुढें बसविलेल्या पत्र्याच्या डब्यांत, म्हणजे बूस्टरमध्यें, एक लवचीक पडदा असतो. पेडल दाबतांच पडद्याच्या एका अंगास बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या अंगास निर्वात असतो; त्या दोहोंतील फरक पडद्याला पुढें ढकलतो. बेल्जममधील आल्बेर दवाँद्र यांच्या या योजनेवरून जर्मनींतील बॉश कंपनीनें १९२७ सालीं असा ब्रेक बाजारांत आणला.

आतां थोडा हिशेब करावा. सुस्थितींतील एंजिन पाऱ्याच्या १८ ते २० इंचांइतका निर्वात देतें. २० इंच म्हणजे दर चौरस इंचास जवळजवळ १० पौंड. आठ इंच व्यासाच्या पडद्याचें क्षेत्र सुमारें ५० चौरस इंच. तेव्हां साहाय्य मिळतें अदमासें ५०० पौंडांचें. निर्वात १० इंचांवर उतरला कीं, तेंच साहाय्य २५० पौंडांवर येतें. पाय तोच, डबा तोच. पण मदतनीस अर्धा झाला.

निदानाची पहिली पायरी म्हणजे पायाला काय जाणवतें तें ओळखणें. पेडल दगडासारखें कठीण लागत असेल तर संशय निर्वातावर व बूस्टरवर धरावा. तें स्पंजासारखें दबत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जात असेल तर मास्टर सिलिंडरचें रबर झिजलें आहे, किंवा तेल कोठें तरी गळत आहे. या तीन दुखण्यांचीं औषधें वेगळीं आहेत.

दुसरी परीक्षा बिनखर्चाची आहे. एंजिन बंद ठेवून पेडल पांचसहा वेळां दाबावें, म्हणजे सांठलेला निर्वात संपतो. मग पेडल दाबून धरूनच एंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं उतरलें तर बूस्टर जागा आहे. तसूभरहि हललें नाहीं तर त्याला निर्वात पोंचत नाहीं किंवा त्याचा पडदा फाटला आहे. नंतर एंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें. पहिले एकदोन दाब हलके लागले पाहिजेत. ते लगेच जड लागले तर एकमार्गी झडप, नळी किंवा पडदा यांतून हवा आंत येत आहे.

तिसरी परीक्षा व्हॅक्यूम-मापकाची. एंजिनाजवळ आंकडा चांगला व बूस्टरजवळ कमी असेल, तर मधली नळी चिरलेली किंवा आंतून मिटलेली असते. एंजिनाजवळच तो कमी असेल, तर बूस्टर बदलून पैसे वायां जातील. दोष प्रज्वलनाच्या वेळेंत, गॅस्केटमध्यें, झिजलेल्या झडपांत किंवा शर्यतीसाठीं बसविलेल्या कॅमशाफ्टमध्यें असतो. मात्र दर हजार फूट उंचीमागें आंकडा सुमारें एक इंच कमी दिसतो, हें डेन्व्हरसारख्या उंच शहरांत विसरतां कामा नये. तेल बाहेर न गळतां कमी होत असेल व धूर पांढरा निघत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या रबरांतून तें बूस्टरमध्यें जाऊन एंजिनांत ओढलें जात असतें.

हें सर्व ठीक असूनहि ब्रेक दुबळा असेल तर चाकें उघडावीं. लायनिंगला कांचेसारखी झिलई चढली असेल, त्यावर तेल सांडलें असेल किंवा ड्रम व शू यांतील अंतर वाढलें असेल, तर बूस्टरचा इलाज नाहीं. जुन्या लायनिंगमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये.

सुधारणा नंतर. मास्टर सिलिंडरचा व्यास १⅛ इंचावरून नुसता १ इंचावर आणला, तरी त्याच जोरांत तेलाचा दाब सुमारें सव्वापट होतो. पण पेडलाचा प्रवासहि तितकाच वाढतो. निर्वाताची टांकी सांठा वाढविते, निर्वात वाढवीत नाहीं. एंजिनच दुबळें असेल तर विजेचा व्हॅक्यूम-पंप लागतो. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें: डॉट ३ जातीचें नवें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं, ओलावल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून तें ठराविक मुदतीनें बदलावें. फोर्ड मस्टँगमध्यें १९६६ पर्यंत तेलाची एकच कोठी होती. एक नळी फुटली कीं चारीं ब्रेक जात. १९६७ पासून दोन कोठ्या आल्या. जुन्या गाडीला ही जोड देणें सर्वांत शहाणपणाचें होय.

दुरुस्तीनंतर पहिली परीक्षा मोकळ्या सपाट मैदानांत, संथ वेगानें घ्यावी. बूस्टर हा पायाचा मदतनीस आहे, ब्रेकचा वैद्य नव्हे. चाकांतील रोग तसाच ठेवून मदतनीस मोठा केला, तर रोग झांकला जातो. आणि झांकलेला रोग नेमका उतारावर उघडा पडतो.