घरातला आनंद हाही धम्माचाच भाग

बौद्ध धम्म म्हणजे दुःखाचा धम्म, हा गैरसमज बाहेरच्यांनी पसरवला आणि आपल्यातल्या अनेकांनी तो मुकाट्याने मान्य केला. बुद्धाने दुःख सांगितले, म्हणून धम्म पाळणाऱ्याने चवीने खाऊ नये, नटू नये, हसू नये, असे काहींना वाटते. चळवळीतही एक सूर असतो. समाजावर अन्याय होत असताना स्वतःच्या घरातल्या सुखाचा विचार करणे म्हणजे स्वार्थ, असा तो सूर. या दोन समजुतींमध्ये आपली घरे अडकून पडली आहेत.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक वाक्य घरोघरी ऐकू येते : "पोरगं नोकरीला लागू द्या, मग बघू सुखाचं." पोरगे नोकरीला लागते. मग घराचा हप्ता सुरू होतो, मग लेकीचे लग्न, मग दवाखाना. सुखाची तारीख पुढे पुढे जात राहते आणि माणूस थकून जातो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पाच-सहा वर्षे आनंदाला गुन्हा समजून काढतात. निकाल मनासारखा लागला नाही तर त्यांच्या हाताशी काहीच उरत नाही. म्हणून हा विषय किरकोळ नाही. रोजच्या साध्या आनंदाबद्दल बुद्ध आणि बाबासाहेब काय सांगतात, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

दीघजाणूचा प्रश्न

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची गोष्ट आहे. त्याला व्यग्घपज्ज असेही म्हटले जाते. तो कक्करपत्त नावाच्या गावी बुद्धाला भेटतो आणि काहीही न लपवता आपली स्थिती सांगतो. आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे आहोत, चंदन लावतो, माळा घालतो, सोने-चांदी वापरतो. आमच्यासारख्यांचे भले होईल असे काही सांगा, असे तो विचारतो.

बुद्ध त्याला रागावत नाहीत. आधी घर सोड, मग ये, असेही म्हणत नाहीत. या जन्मीच्या सुखासाठी ते चार गोष्टी सांगतात. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामात कसब आणि कष्ट. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेले जपणे. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्या माणसांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे आवक पाहून बेताने जगणे. त्यापुढच्या हितासाठी श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या आणखी चार गोष्टी ते सांगतात.

समजीविता समजावताना बुद्ध तराजूचे उदाहरण देतात. कोणते पारडे किती झुकले हे तराजू धरणाऱ्याला कळते, तसे आपल्याला आवक-जावक कळली पाहिजे. कमाई थोडी आणि थाट मोठा, हे चूक. पण उलटी बाजूही ते सांगतात, आणि ती आपण सहसा ऐकत नाही. कमाई चांगली असून जो स्वतःच्या पोटाला चिमटा घेत कंजूषपणे जगतो, त्यालाही बुद्ध दोष देतात. म्हणजे उधळणे जसे चुकीचे, तसे असूनही न उपभोगणे हेही चुकीचे.

गृहस्थाची चार सुखे

अनाथपिंडिकाला उद्देशून बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. पहिले अत्थिसुख, म्हणजे घाम गाळून, सचोटीने मिळवलेले आपल्याजवळ आहे याचे सुख. दुसरे भोगसुख, म्हणजे त्याचा स्वतः उपभोग घेण्याचे आणि त्यातून दान करण्याचे सुख. तिसरे अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नाही याचे सुख. चौथे अनवज्जसुख, म्हणजे काया, वाचा, मनाने काही वाईट केले नाही याचे सुख. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या भागाइतकीही भरत नाहीत, असे बुद्ध सांगतात. पण पहिली तीन ते पुसून टाकत नाहीत.

यातल्या अनणसुखाकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे. आज बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता असे एकावर एक चढलेले असते. वसुलीच्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. लग्नात चार लोक नावाजतील म्हणून घेतलेले कर्ज तीन-तीन वर्षे फिटत नाही. मांडव एका दिवसात उतरतो, हप्ता मात्र घरातच राहतो. विहारात साधेपणाने लावलेले लग्न आणि त्यानंतर कर्जाशिवाय सुरू झालेला संसार, यात कमीपणा कसला? बिनकर्जाची झोप हे अडीच हजार वर्षांपूर्वी नाव देऊन सांगितलेले सुख आहे.

तूप वाढले म्हणून मारहाण

साधे सुख हा आपल्यासाठी फक्त मनाचा प्रश्न कधीच नव्हता. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांकडून जमीन आणि पाणवठा तर हिरावलाच, पण छोटे छोटे आनंदही मोजून हिरावले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी अशी उदाहरणे नोंदवली आहेत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या लोकांना जेवण दिले. त्यात तूप होते. अस्पृश्यांनी तूप खायचे म्हणजे काय, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारले. इंदूर भागातल्या बलाई समाजाला जरीकाठी पागोटे बांधू नका, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, असे फर्मान होते. गुजरातेत धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून बायकांना मारहाण झाली.

एक वाटी तूप, एक पागोटे, पितळेची एक घागर. या वस्तूंची किंमत फार नव्हती. तरी त्यासाठी लाठ्या निघाल्या, कारण चवीने जेवणारा आणि नीटनेटका राहणारा माणूस स्वतःला माणूस समजू लागतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे जड दागिने टाका असे सांगितले, त्यामागेही हेच होते. म्हणून रविवारी घरात सगळ्यांनी मिळून केलेले जेवण, खिडकीत लावलेली तुळस किंवा मोगरा, मुलीच्या अंगावरचा आवडीचा फ्रॉक यांना क्षुल्लक समजू नये. ते मिळवायला पिढ्या गेल्या आहेत.

सुंदर गोष्टींत रमणारे बुद्ध

१९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. त्याच्या आठव्या खंडात बुद्धाच्या आवडीनिवडींवर एक भाग आहे. तो वर्षावासात वाचला जातो, पण त्यावर चर्चा कमी होते. या भागात बाबासाहेबांनी प्रकरणांचा जो क्रम लावला आहे तो पाहा. आधी बुद्धाला दारिद्र्याची नावड होती, हे येते. मग संग्रहाच्या हावेची नावड येते. आणि त्यानंतर सुंदर गोष्टी पाहून बुद्धांना होणारा आनंद येतो.

या क्रमातच उत्तर आहे. दारिद्र्य गौरवायचे नाही, साठवण्याची हाव धरायची नाही, पण समोर जे सुंदर आहे त्यात आनंद मानायचा. ऐंशी वर्षांचे बुद्ध महापरिनिर्वाणाच्या तीन महिने आधी वैशालीत होते. शरीर थकले होते. त्या अवस्थेत ते आनंदाला वैशाली किती रमणीय आहे, तिथली चैत्ये किती रमणीय आहेत असे सांगतात. सर्व काही अनित्य आहे हे ज्याला पुरते कळले होते, तोच हे बोलत होता. अनित्यतेचे भान आनंद मारत नाही. जे कायम राहणार नाही ते आज नीट पाहून घ्यावे, असे ते भान सांगते.

पुस्तकाचा आनंद

पुस्तके आपल्या समाजाला शाळेमुळे नव्हे, बाबासाहेबांमुळे प्रिय झाली. त्यांच्या घरात ही आवड वडिलांकडून आली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार होता. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून घेत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुस्करांच्या नजरेत भरला होता. एका भेट दिलेल्या पुस्तकापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंतचा रस्ता आपण जाणतो.

पुढे दादरला त्यांनी बांधलेले राजगृह पुस्तके मनात ठेवूनच बांधले होते. पण त्यांना फक्त अभ्यास करणारे म्हणून पाहणे अपुरे आहे. त्यांना कुत्री पाळायची आवड होती, बागेची होती, उतारवयात ते व्हायोलिन शिकले. ५ डिसेंबर १९५६ च्या शेवटच्या रात्रीही त्यांनी बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली, स्वतः गुणगुणले आणि मग आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ घेतले. अठरा-अठरा तास काम करणाऱ्या माणसाने गाण्याला वेळ दिला, हे आपण मुलांना सांगतो का?

आज आपल्या घरात पुस्तक आले की पहिला प्रश्न असतो, "परीक्षेला आहे का?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण एवढाच प्रश्न असेल तर वाचनाची गोडी लागत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला माणसे भाकरी बांधून येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. ती पुस्तके फोटोखाली ठेवून हळद-फुले वाहण्यासाठी नाहीत. दया पवारांचे 'बलुतं', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', उर्मिला पवारांचे 'आयदान' घरात मोठ्याने वाचून पाहा. आजी मध्येच थांबवते आणि म्हणते, "आमच्याकडंबी असंच होतं." पुस्तक बाजूला राहते आणि आजी बोलू लागते. तो तासभर कुठल्याही वाहिनीवर मिळत नाही.

आनंद कोणता आणि तृष्णा कोणती?

इथे कुणी विचारेल, मग दारूतही आनंद आहे, जुगारातही आहे. दीघजाणूला बुद्धांनी याचेही उत्तर दिले आहे. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा चार आणि जाण्याच्याही चार. स्त्रीलंपटपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या जाण्याच्या वाटा. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आनंद हिरावण्यासाठी नाही. ज्या घरात दारू शिरते तिथे संध्याकाळी मुले दाराकडे पाहत बसतात, हे वस्तीत राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

ओळखायला सोप्या तीन खुणा आहेत. ज्यासाठी दर वेळी मात्रा वाढवावी लागते ती तृष्णा. जे लपवून करावे लागते ते सुख नव्हे. आणि जे वाटल्याने वाढते तो आनंद. दोन तास मोबाइलवर रील पाहिल्यावर मन ताजे होते की शिणते, हे याच खुणांवर तपासावे. शेजारच्या मुलीला नोकरी लागली म्हणून आपल्या घरात गोड झाले तर ती मुदिता. ब्रह्मविहारांपैकी एक भावना आपण चहासोबत जगलो, असे समजा.

घर सगळ्यांचे, तर आनंदही सगळ्यांचा

घरातल्या सुखाची गोष्ट करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. ते सुख कोणाच्या कष्टावर उभे आहे? रविवारी सगळे निवांत आणि बाई सकाळपासून ओट्यापाशी, याला घरातला आनंद म्हणता येत नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला दागदागिने देणे. म्हणजे तिची हौसही कर्तव्यात धरली आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तिला रोज अर्धा तास स्वतःचा मिळाला पाहिजे. त्या अर्ध्या तासात तिने वाचावे, गाणे ऐकावे किंवा नुसते बसावे. भांडी तेवढा वेळ दुसऱ्या कुणी घासावीत.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. रात्रीचे एक जेवण टीव्ही आणि मोबाइल बंद करून एकत्र घ्यावे. त्याआधी पाच मिनिटे वंदना आणि दोन मिनिटे शांत बसणे. घरात पुस्तकांसाठी एक फळी ठोकावी, मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ग्रंथवाचन होतेच. उरलेले नऊ महिने घरी रोज दोन पाने वाचावीत, आळीपाळीने, मोठ्याने. सिगालाला बुद्धांनी कमाईचे चार भाग करायला सांगितले होते : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, एक अडीअडचणीला. आपली कमाई तशी विभागता येण्याइतकी नसेल, तरी उपभोगाचा भाग शून्यावर आणू नये. महिन्याला एक पुस्तक किंवा मुलांसोबत एक सहल, एवढे तरी त्यात ठेवावे.

अन्यायाविरुद्धची लढाई लांब आहे. ती लढायला जी माणसे लागतील ती याच घरांतून येणार आहेत. कर्ज, भीती आणि थकवा यांनी पिचलेल्या घरातून फार दिवस लढणारा माणूस निघत नाही. आपल्या घरात आज हसू असेल, फळीवर पुस्तक असेल आणि ताटात सगळ्यांसाठी सारखे असेल, तर चळवळीचे एक काम आपण आजच केले आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.