गावठी अंडे आणि दुकानातले अंडे : ताजे कोणते?

गेल्या उन्हाळ्यात मी आठवडे बाजारातून सहा गावठी अंडी आणली. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांपेक्षा भाव जवळजवळ दुप्पट; पण गावठी म्हणजे ताजी, अशी माझी ठाम समजूत. घरी मुलीने दोन्ही प्रकारची अंडी पाण्याच्या पातेल्यात सोडली. दुकानातली तळाशी आडवी पडली. माझी महागाची अंडी मात्र बोथट टोक वर करून उभी राहिली! मुलगी हसली आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला स्वस्थ बसवेना.

असे का व्हावे? अंडे घातले जाते तेव्हा ते कोंबडीच्या शरीराइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्ण असते. थंड होताना आतला द्रव आकुंचन पावतो, कवच मात्र तेवढेच राहते. मग कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते आणि बोथट टोकाशी एक पोकळी तयार होते. त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ रोज थोडी थोडी बाहेर जाते व पोकळी वाढत राहते.

आता थोडे गणित करू. ताज्या अंड्याची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण १.०८ ग्रॅम असते. ५५ ग्रॅम वजनाच्या अंड्याचे आकारमान झाले सुमारे ५१ घन सेंटिमीटर. वाफ गेली तरी आकारमान बदलत नाही, वस्तुमान तेवढे घटते. ते ५१ ग्रॅमच्या खाली आले की अंडे तरंगणारच. म्हणजे सगळा खेळ अवघ्या चार ग्रॅमचा! त्याआधीच्या अवस्थेत हलके टोक वर उचलले जाते आणि अंडे उभे राहते.

माझी अंडी जुनी का निघाली, हे पुढच्या बाजारी विक्रेत्या मावशींनीच सांगितले. त्यांच्या कोंबड्या चारच. कोंबडी रोज अंडे देतेच असे नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत अंडी साठवायची आणि मग टोपली उन्हात! मावशींचा यात काही दोष नाही. त्यांच्या अंगणातून त्याच सकाळी उचललेले अंडे दुकानातल्यापेक्षा ताजेच असणार.

कवचाच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. लेगहॉर्न कोंबडी पांढरी अंडी देते. बलकाचा गडद पिवळा रंग येतो खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे. हिरवा पाला, किडे, मका खाणाऱ्या कोंबडीला तो आपोआप मिळतो. मोठ्या कुक्कुटपालनात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालूनही तो आणता येतो. आणखी एक गंमत : अगदी ताजे अंडे उकडल्यावर नीट सोलले जात नाही. जुन्या अंड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि आतले पापुद्रे त्याला कमी चिकटतात.

ही परीक्षा वय सांगते, जंतू नव्हे. बुडणाऱ्या अंड्यातही साल्मोनेला असू शकतात, म्हणून अंडे नीट शिजवूनच खावे.

शाळेत तराजू असेल तर एकाच दिवशी घातलेली तीन अंडी मिळवा. एक फडताळात, एक फ्रिजमध्ये ठेवा. तिसऱ्याला गोडे तेल चोळून पहिल्याशेजारीच ठेवा. दोन आठवडे रोज वजन करा, आलेख काढा आणि तिन्ही रेषांचा उतार पाहा. ही अंडी खायची नाहीत, आणि हात साबणाने धुवायचे, बरे का!