पगार वाढला, ताट तेच

उत्पन्न कळलं की माणसाची राहणी ओळखता येते, असं आपण धरून चालतो. पण हे कितपत खरं? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९६३ आणि १९६७-६८ मध्ये १,२१७ जणांना संगीत, फर्निचर, जेवणखाण अशा आवडीनिवडी विचारल्या. कशाचा फोटो सुंदर येईल, हेसुद्धा! १९७९ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक आलं. (वाचायला अवघडच!)

त्यातली मजेदार गोष्ट कारखान्यातल्या मुकादमांची. त्यांची कमाई ऑफिसातल्या कारकुनांपेक्षा जास्त, पण खाण्याची आवड मजुरांसारखीच: भरपूर, पोटभर, दमदार. उलट शिक्षकांकडे पैसा बेताचा, पण उद्योगपतींना न रुचणाऱ्या कलेची त्यांना गोडी. बुर्द्यूंच्या मते पैशाइतकंच घरातून आणि शाळेतून मिळालेलं सांस्कृतिक भांडवल, म्हणजे जाण आणि सवयी, महत्त्वाचं. पैसा आणि हे भांडवल या दोन्हींतून लहानपणीच एक वळण लागतं, आणि ते आपल्याला स्वतःची आवड वाटतं.

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. १९९० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांना अमेरिकेत वेगळंच दिसलं. तिथले उच्चभ्रू शास्त्रीय संगीताबरोबर लोकप्रिय गाणीही आवडीने ऐकू लागले होते. तिथे प्रतिष्ठा सगळं थोडंथोडं चाखण्यात होती.